जुन्या नोटांची पाठ : संग्राहकांच्या एका मापाची परीक्षा

हस्तलिखितें व नाणीं जमविणाऱ्या आपल्या अभ्यासकांत जुन्या सरकारी नोटांविषयींही आस्था उत्पन्न झाली आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु या नोटांची पारख ज्या मापानें केली जाते, तें माप आपल्या साधनांस लागू पडतें कीं नाहीं, हें पाहणें अवश्य आहे. नोट जितकी कोरी, घडीरहित व निष्कलंक, तितकी श्रेष्ठ, असें हें माप. त्यास अनुसरून नोटा धुतल्या जातात, दाबून सपाट केल्या जातात व पाठीवरील शाई पुसली जाते.

या मापाचें ठळक उदाहरण अमेरिकेंतील मोठ्या आकाराच्या नोटांच्या संग्रहांत दिसतें. तेथील मध्यवर्ती सरकारनें १८६१ सालीं मागणीनोटा काढल्या. १९२९ च्या जुलैंत नोटांचा आकार लहान झाला, तोंपर्यंतच्या नोटा सुमारें साडेसात इंच लांब व तीन इंचांहून किंचित् अधिक रुंद असत. रॉबर्ट फ्रीडबर्ग यांची सूची १९५३ सालीं प्रसिद्ध झाली व तींतील क्रमांकच संग्राहकांत रूढ झाले. या नोटांच्या दोन्ही बाजू कोरीव छपाईनें भरलेल्या असत. हिरव्या पाठीवरूनच ‘ग्रीनबॅक’ हें नांव पडलें. जेथें पाठही चित्रच आहे, तेथें डाग म्हणजे चित्राची हानि, हें म्हणणें युक्त होय.

आपल्याकडील स्थिति निराळी आहे. योगायोगानें हिंदुस्थानचा कागदी चलनाचा कायदाही १८६१ चाच. त्यानें १८४० सालीं स्थापन झालेल्या बँक ऑफ बाँबेसारख्या पेढ्यांचा नोटा काढण्याचा अधिकार संपुष्टांत आला. सरकारी नोटा इंग्लंडांत लॅव्हरस्टोक येथील गिरणीच्या हातकागदावर छापल्या जात. छपाई एकाच बाजूस, पाठ कोरी. बनावट नोटांच्या सुळसुळाटामुळें राणीच्या मुखवट्याची पहिली मालिका मागें घेऊन १८६७ सालीं रंगीत तळछपाईची मालिका आली. पण पाठ कोरीच राहिली.

या कोऱ्या पाठीचा उपयोग लोकांनीं केला. हातोहात फिरतां फिरतां तीवर सह्या, तारखा व शिक्के उमटले. शिवाय नोट मधोमध कापून एक अर्ध टपालानें रवाना करावें व तें पोंचल्याची खबर येतांच दुसरें पाठवावें, अशी चाल होती. तेव्हां कापल्याची खूण हा दोष नसून हुंडणावळीचा पुरावा आहे. सनदेच्या पाठीवरील शेरा किंवा बार खरवडून ती ‘स्वच्छ’ करणाऱ्यास आपण संशोधक म्हणणार नाहीं. मग नोटेच्या पाठीस वेगळा न्याय कां?

दुसरा प्रश्न स्थळाचा. आरंभीं नोट ज्या मंडळाची, त्याच मंडळांत ती कायद्यानें वटत असे; पांच, दहा, पन्नास व शंभर रुपयांच्या नोटांवरील हें बंधन १९०३ ते १९११ या काळांत सुटलें. म्हणून नोट कोठें सांपडली, हें तिच्या किंमतीइतकेंच महत्त्वाचें. डहाणू तालुक्यांतील विवळवेढ्याचा परिसर घ्या. तेथील महालक्ष्मीच्या चैत्री यात्रेस सीमेपलीकडूनही भाविक येतात. शेजारच्या तलासरीस लागूनच नगरहवेली आहे. तेथें पोर्तुगीज अंमल असतां बँको नासिओनाल उल्त्रामारिनोच्या, १९०६ पासून निघालेल्या, रुपयांच्या नोटा चालत. १९५४ सालीं नगरहवेली मुक्त झाली, व पोर्तुगीज हिंदुस्थानांत एस्कुदोच्या नोटा आल्या त्या १९५९ सालीं. अर्थात् या भागांतील घरच्या पेटींत रुपयाची पोर्तुगीज नोट निघाल्यास ती सीमेवरील देवघेवीची खूण असूं शकेल. एस्कुदोची नोट मात्र सिल्वासाच्या बाजारांतून आलेली असणें शक्य नाहीं, ती दमण, गोवा वा दीवकडून, किंवा मागाहून विक्रेत्यामार्फत आली असली पाहिजे. गांव व घर नोंदविलें नसेल तर हा भेद कायमचा नाहींसा होतो.

स्वच्छ नोटेचें जलचिन्ह व छपाई नीट तपासतां येते, बनावटही ओळखतां येते, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. परंतु जलचिन्ह नोट उजेडासमोर धरूनही दिसतें, त्यासाठीं ती धुवावी लागत नाहीं. कोरी प्रत छपाईच्या इतिहासास उपयोगी, वापरलेली प्रत व्यवहाराच्या इतिहासास. पहिलीच्या मापानें दुसरी मोजणें हा दोष.

यास्तव संग्राहकांनीं नोटेच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रें घ्यावींत, पाठीवरील मजकूर, मोडी असल्यास बाळबोधींत उतरून, टिपणांत लिहावा, सुटीं अर्धें जोडूं नयेत व प्राप्तिस्थळ त्याच दिवशीं नोंदवावें. नोट विकली गेली तरी हें टिपण तिच्याबरोबर जावें. एवढें पाळलें तर खाजगी संग्रह हेही दप्तराच्या योग्यतेचे होतील.