आदराच्या आडचा नकार

आता मुद्दा आहे संगीतशिक्षक होऊ घातलेल्या तरुणांचा. वारल्यांचा तारपा वर्गात शिकवाल का, असं त्यांना विचारलं तर सरळ ‘नाही’ सहसा येत नाही. आम्हाला आदर आहे, पण ते संगीत आमचं नाही, आमच्या हातून त्याची विटंबना होईल, असं काहीतरी येतं. ऐकायला नम्र आहे. आपण ही नम्रता जरा तपासू.

बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली. ती काही त्यांच्या घरची नव्हती. कष्टाने कमावलेली होती. त्यांचेच शिष्य पलुसकर. त्यांनी १९०१ साली लाहोरला विद्यालय काढून हीच विद्या वर्गात आणली. तेव्हा परकं संगीत शिकता येतं, शिकवता येतं, हे आपल्याला मान्यच आहे. मग सोवळं तारप्यालाच का?

अडचण आहे, नाही असं नाही. तारपा म्हणजे दुध्या भोपळा, बांबू, ताडाचं पान. प्रत्येकाचा भोपळा निराळा, म्हणून स्वरही पेटीच्या पट्ट्यांत बसतीलच असं नाही. वाजवणारा श्वास तुटू देत नाही. त्याने चाल बदलली की नाचणाऱ्यांची पावलं बदलतात. आता हे भातखंडे लिपीत कुठे लिहाल? राईलने ‘अमुक आहे हे जाणणं’ आणि ‘कसं करावं हे जाणणं’ यांत फरक केला, तो इथे उपयोगी पडतो. आपली परीक्षा पहिलंच मोजते. अशोक रानड्यांनी आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम अशा सहा कोटी मांडल्या; विद्यार्थी त्या पाठ करतो आणि ‘आदिम’ म्हणजे खालची पायरी असं समजून बसतो. अहो, कोटी म्हणजे शिडी नव्हे!

एक आक्षेप मात्र आम्हाला वजनदार वाटतो. रानातून, नव्या भाताच्या हंगामातून उचललेला तारपा वर्गात नुसती शोभेची वस्तू होईल. ख्यालही दरबारातून वर्गात आला, हे उत्तर पुरत नाही, कारण ख्याल आणणारे स्वतः गवई होते. वारली वादक आज आपल्याकडे येतो तो स्नेहसंमेलनात, दहा मिनिटांसाठी, आणि टाळ्या घेऊन जातो. त्याला वर्षभर गुरू म्हणून नेमा, पेटीवाल्याइतकं मानधन द्या, आणि भावी शिक्षकाला त्याच्यापुढे शिष्य म्हणून बसवा. गुणपत्रिकेवर सहीही त्याचीच. इथपर्यंत आलो की मघाचा आदर चुळबुळ करू लागतो.