तिरुवल्लिकेणीची वृत्तपत्रे

चेन्नईस बदलून आलेला मराठी अधिकारी सकाळी वाचतो ते बहुधा 'द हिंदू'. या पत्राचा जन्म १८७८ साली तिरुवल्लिकेणीत झाला. टी. मुथुस्वामी अय्यर यांची मद्रास उच्च न्यायालयावर पहिले भारतीय न्यायाधीश म्हणून नेमणूक होताच गोऱ्यांच्या वृत्तपत्रांनी गहजब केला. त्यास उत्तर म्हणून जी. सुब्रह्मण्य अय्यर आदी सहा तरुणांनी हे साप्ताहिक काढले. पहिल्या अंकाच्या प्रती अवघ्या ८०. आमच्याविषयी परक्यांनीच का लिहावे, हा त्यांचा सवाल होता.

सवाल रास्त होता. परंतु तो इंग्रजीत विचारलेला होता. इंग्रजी न जाणणाऱ्या शेजाऱ्यापर्यंत तो पोहोचणे शक्य नव्हते. सुब्रह्मण्य अय्यरांनी १८८२ साली 'स्वदेशमित्रन्' हे तमिळ पत्र काढले, ते त्यांच्या कार्याचे अधिक मोलाचे अंग आम्ही मानतो. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली 'दर्पणा'त इंग्रजी व मराठी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत छापून हाच पेच आपल्या परीने सोडविला होता.

तथापि भाषा बदलली म्हणजे लेखणी धरणारा हात बदलतो असे नाही. म्हणूनच १८९३ साली रेट्टैमलै श्रीनिवासन यांना मद्रासेत 'परैयन्' काढावे लागले. १९०७ साली अयोत्तिदास पंडितरांनी लगतच्या रायपेट्टैतून 'ओरु पैसा तमिळन्' सुरू केले. त्याची किंमत त्याच्या नावातच होती. डॉ. आंबेडकरांच्या १९२० सालच्या 'मूकनायका'चे कारणही हेच. तिरुवल्लिकेणीतच १९२७ साली 'मुसलमान' हे उर्दू दैनिक निघाले. कातिबांनी हाताने लिहावे व मग ते छापावे, ही त्याची रीत संगणकाच्या काळातही टिकली. पुढे त्या कातिबांत स्त्रियाही आल्या.

आता पत्रकारिता महाविद्यालयांत शिकविली जाते. चेन्नईच्या एशियन कॉलेज ऑफ जर्नालिझमने वंचितांच्या जीवनाचे वार्तांकन हा अभ्यासविषय केला, हे स्तुत्यच होय. परंतु वंचितांविषयी लिहावयास शिकविणे निराळे आणि वंचितांस लिहिते करणे निराळे. या दृष्टीने पी. साईनाथ यांनी २०१४ साली सुरू केलेला 'पारी' हा उपक्रम आम्हांस उजवा वाटतो. शेतकरी, विणकर, मजूर यांच्या हकिकती त्यात मराठी व तमिळसह अनेक भाषांत येतात. ज्याची हकिकत, त्याला ती वाचून 'असे नव्हते' म्हणता यावे, ही सोय इंग्रजी पत्रात क्वचितच असते.

आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या हाताखालून लोकांचे अर्ज, गाऱ्हाणी, अहवाल जातात. त्यांना हा विषय परका नाही. तक्रारीचा इंग्रजी गोषवारा आणि मूळ तमिळ अर्ज यांत काय काय गळते, हे त्यांनी पाहिलेले असते. वृत्तपत्रातही तेच गळते. तेव्हा तमिळ अक्षरे शिकण्यास पहिले पाठ्यपुस्तक म्हणून एखादे स्थानिक पत्रच घ्यावे. ज्या वस्तीत आपण राहतो ती स्वतःविषयी काय म्हणते, एवढे तरी त्यातून कळू लागेल.