दस्तऐवजाची पाठ

जुने कागद छापणाऱ्या संपादकांचा एक दोष आम्हांस दाखवावासा वाटतो. सनद, महजर, वांटणीपत्र यांचा मजकूर ते अक्षरशः उतरून घेतात, शिक्क्याचेंही वर्णन करितात. परंतु पाठीवरील कोर्टाचा शेरा ‘अर्वाचीन’ म्हणून गाळतात. दोष आमचाही आहे. एका महजराची नक्कल करतांना आम्हीं तो शेरा सोडला. पुढें मूळ कागद मालकाच्या घरीं वाळवीनें खाल्ला.

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणें पुराव्यांत घेतलेल्या दस्तऐवजावर दाव्याचा क्रमांक व नांव, हजर करणाराचें नांव आणि तारीख लिहावी लागते. अपिलाचा प्रश्न मिटल्यावर मूळ कागद मालकास परत मिळूं शकतो. कैफियती, जबान्या व निवाडा दप्तरांत राहतात. प्रतिपक्षानें तो कागद बनावट म्हटला होता काय, हें तेथेंच कळावयाचें. क्रमांक, साल व पक्षकारांचीं नांवें यांवांचून दप्तरखान्यांतील शोध दुर्घट. तिऱ्हाइतानें नकलेच्या अर्जांत प्रयोजनही सांगावें. विलंब मात्र नको. मुदत भरलेले कागद नष्ट करण्याची मुभा १९१७ च्या कायद्यानें दिलेली आहे.

यास्तव संपादकांनीं पाठीवरील शेरा पोटांतील मजकुराइतक्याच काळजीनें छापावा, अशी विनंती आहे.