'स्टोन बुच ब्लूज' : कामगार कादंबरी म्हणून वाचन

लेस्ली फाइनबर्ग यांची ही इंग्रजी कादंबरी (१९९३) बहुधा केवळ लिंगभावाच्या अंगाने वाचली जाते. ते वाचन अपुरे वाटते. नायिका जेस गोल्डबर्ग ही अमेरिकेतील बफेलो शहराच्या कारखान्यांत राबणारी 'बुच', म्हणजे पुरुषी वेषात वावरणारी समलिंगी स्त्री. बारमध्ये तिला आपली माणसे लाभतात. पोलिसांची धाडही तेथेच पडते. परंतु कादंबरीचा खरा पेच कामाच्या ठिकाणी आहे. पुढे पुरुष म्हणून वावरणाऱ्या जेसचा उल्लेख कामगार संघटनेतील डफी अनवधानाने स्त्रीलिंगी सर्वनामाने करतो आणि तिला नोकरी सोडावी लागते. (मराठी अनुवादकाला येथे क्रियापदेही सांभाळावी लागतील.) डफी स्नेही आहे, म्हणूनच हा प्रसंग जिव्हारी लागतो. शेवटाकडील सभेतले जेसचे भाषण काहीसे उपदेशपर झाले असले, तरी त्यानंतर ती पुन्हा डफीलाच गाठते, हे लक्षणीय आहे.