यिर्मयाचा ग्रंथपट : दग्ध प्रत आणि वाढीव पाठ

पोथीच्या नाशाची व पुनर्लेखनाची हकीकत त्याच पोथींत नमूद असावी, असा योग क्वचितच येतो. हिब्रू शास्त्रांतील यिर्मयाच्या छत्तिसाव्या अध्यायांत तो आला आहे. यहूदाचा राजा यहोयाकीम याच्या चौथ्या वर्षीं, म्हणजे इ. स. पू. ६०५ च्या सुमारास, यिर्मयानें सांगितलेलीं वचनें बारूख लेखकानें ग्रंथपटावर उतरून घेतलीं. तीं ऐकून लोक कुमार्गापासून माघारी फिरतील व देव त्यांस क्षमा करील, हा लेखनाचा हेतु तेथेंच दिला आहे. पुढील वर्षीं हिंवाळ्यांत राजानें शेगडीजवळ बसून पट वाचविला, आणि तीनचार रकाने वाचून होतांच तितका भाग लेखकाच्या चाकूनें कापून विस्तवांत टाकला.

येथें मूळ शब्द पाहिले पाहिजेत. आपल्या 'पश्चात्ताप' शब्दांत मागाहून होणारा ताप आहे. हिब्रू 'शूब' धातूंत वाट सोडलेल्याचें माघारी फिरणें आहे. शिवाय राजानें पट फाडला व दरबारीं कोणीं वस्त्रें फाडलीं नाहींत, या दोनही वाक्यांत क्रियापद एकच आहे. याच राजाचा बाप योशीया यानें मंदिरांत सांपडलेला ग्रंथ ऐकून वस्त्रें फाडल्याचें राजांच्या दुसऱ्या पुस्तकांत सांगितलें आहे. हा विरोध लेखकाच्या मनांत असावा, असें आम्हांस वाटतें.

पट पुनः लिहिला गेला; त्यांत जुनीं वचनें आलीं, आणि तशींच आणखी पुष्कळ वचनें घालण्यांत आलीं, असें अध्यायाचें शेवटचें वाक्य सांगतें. कोणीं घातलीं, हें कर्मणि प्रयोगामुळें गुलदस्तांत राहिलें आहे.

हें वाक्य प्रतींच्या तुलनेंत फार महत्त्वाचें ठरतें. यिर्मयाचा जुना ग्रीक तर्जुमा रूढ हिब्रू पाठाहून सुमारें २७०० शब्दांनीं लहान असून त्याचा अध्यायक्रमही निराळा आहे. तर्जुमाकारानें काटछांट केली, असें पुष्कळांचें मत होतें. परंतु इ. स. १९५२ मध्यें कुमरानच्या चवथ्या गुहेंत सांपडलेल्या तुकड्यांत या लहान पाठाशीं जुळणारे हिब्रू तुकडेही निघाले. तेव्हां लहान पाठ हिब्रूंतच होता, इतकें निश्चित झालें.

ग्रीकांत नसलेला सर्वांत मोठा सलग भाग म्हणजे तेहतिसाव्या अध्यायाचीं १४ ते २६ हीं तेरा वचनें. दिवस व रात्र यांचा नेम मोडेल तरच दावीदाच्या गादीशीं व लेवी याजकांशीं केलेला करार मोडेल, असें त्यांत वचन आहे. कुमरानचे उपरोक्त लहान पाठाचे तुकडे या अध्यायाचे नाहींत. म्हणून येथें पुरावा अनुमानाचाच आहे. तथापि या भागांत तेविसाव्या अध्यायांतील दावीदाच्या अंकुराचें वचन पुनः आलें असून तेथें राजास दिलेलें नांव येथें नगरीस दिलें आहे. ही वापरलेल्या मजकुराची खूण होय. हा भाग मागाहून वाढविलेला आहे, असें आमचें मत आहे.

मग देवाची निष्ठा ही मागाहूनची भर काय? आम्हांस तसें म्हणतां येत नाहीं. करार मोडणाऱ्या लोकांशीं नवा करार करून त्यांचें पाप न स्मरण्याचें एकतिसाव्या अध्यायांतील अभिवचन दोनही पाठांत आहे. छत्तिसाव्यांतील क्षमेची आशाही आहे. दावीदाच्या अंकुराची आशासुद्धां लहान पाठांत आहे. वाढीव पाठानें भर घातली ती गादी व याजकपद अखंड राहण्याची. लोकांशीं निष्ठा हा मूळ विषय. पदांशीं निष्ठा हा त्याचा विस्तार.

पण विस्तार म्हणून तो टाकाऊ नव्हे. देवानें निवडलेलीं दोनही कुळें त्यानें टाकलीं, असें लोक म्हणत होते, हें त्याच भागांत नमूद आहे. त्या बोलण्यास कोणी तरी दिलेलें हें उत्तर आहे. क्षेपक वेगळें काढणें हें संशोधकाचें काम खरें; पण तें कोणत्या दुःखांतून लिहिलें गेलें, हें सांगितल्याशिवाय तें काम पुरें होत नाहीं.