दीप अभिकल्प, आधुनिक
विसाव्या शतकाच्या मध्यास घरगुती दिव्यांच्या रचनेत घडून आलेले परिवर्तन या संज्ञेने दर्शविले जाते. दिव्याची खरी कसोटी तो पेटलेला असताना लागते, ही या परिवर्तनामागील मूळ दृष्टी होय.

तेलाच्या दिव्यात इंधन ज्योतीखाली ठेवावे लागे. त्यामुळे ‘दिव्याखाली अंधार’ हा त्याचा अंगभूत दोष होता. सातारा जिल्ह्यातील ओगलेवाडी येथे १९१६ मध्ये स्थापन झालेल्या ओगले काच कारखान्याचा ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रात घरोघर पोहोचला. ज्योतीचे वाऱ्यापासून रक्षण करणारी काच, वात वरखाली करण्याची चावी आणि उचलण्यासाठी कडी, यांपैकी काहीही केवळ शोभेसाठी नव्हते. गरजेतून सिद्ध झालेले हे रूप म्हणूनच देखणे वाटते. टाकीची सावली मात्र त्यालाही टाळता आली नाही.

विजेमुळे हे बंधन गळून पडले. परंतु उघड्या बल्बने डोळे दिपू लागले. डॅनिश वास्तुशिल्पज्ञ पॉल हेनिंगसेन (१८९४–१९६७) यांनी एकाखाली एक छत्रे योजून बल्ब दृष्टीआड केला व प्रकाश परावर्तित करून पसरविला. त्यांचा ‘पीएच ५’ (१९५८) हा टांगता दिवा या विचाराचा परिपाक होय. इसामू नोगुची यांनी १९५१ पासून जपानमधील गिफू येथील पारंपरिक कागदी कंदिलांच्या आधारे ‘आकारी’ दिवे घडविले. कागदातून झिरपणारा त्यांचा सौम्य प्रकाश मराठी वाचकास दिवाळीतील आकाशकंदिलावरून सहज उमगेल. बारीक कामास मात्र तो अपुरा पडतो. इटलीतील आकिल्ले व प्येर जाकोमो कास्तिल्योनी या बंधूंच्या ‘आर्को’ने (१९६२) छताला आकडा न लावता मेजावर प्रकाश आणला. तथापि त्याची संगमरवरी बैठक व पोलादी कमान प्रकाशापेक्षा स्वतःकडेच अधिक लक्ष वेधतात. या दृष्टीने हेनिंगसेन यांची कामगिरी सरस ठरते.

विजेच्या विपुलतेने प्रकाशाचा दर्जा आपोआप सुधारत नाही. बोईसरजवळच्या तारापूर येथे १९६९ मध्ये भारतातील पहिले अणुवीज केंद्र कार्यान्वित झाले. अशा केंद्रांनी विजेचा पुरवठा वाढविला. परंतु ती वीज डोळ्यांस सुखद करण्याचे कार्य दिव्याच्या रचनाकाराकडेच राहते. छत्राविना टांगलेला बल्ब खोली उजळतो, पण वाचणाऱ्याचे डोळे शिणवितो. दिव्याखालचा अंधार विजेने दूर केला. दिव्यासमोरचे दिपणे दूर करणे हेच आधुनिक अभिकल्पाचे खरे श्रेय होय.