जलमार्गांचा नकाशा: काय दाखवतो, काय वगळतो

भूगोलाच्या तासाला भिंतीवर टांगला जाणारा जगाच्या जलमार्गांचा नकाशा आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. निळ्या समुद्रावर तुटक लाल रेघा, किनाऱ्यावर बंदरांचे ठिपके, काही रेघांवर सागरी मैलांत लिहिलेली अंतरे. या नकाशाचे परीक्षण आम्ही येथे करणार आहोत, आणि तेही बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार तालुक्यातून त्याकडे पाहत. न्हावा-शेवा बंदरापासून रस्त्याने तीनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेला हा तालुका. पाऊस बेभरवशाचा, पीक कापसाचे, दुष्काळी उन्हाळ्यात टँकरवर भिस्त, आणि दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडणीसाठी बाहेर पडणारी कुटुंबे. इथल्या विद्यार्थ्याला या नकाशातून नेमके काय कळते?

प्रथम नकाशाचे श्रेय त्याला देऊ. सुएझ कालव्याने काय साधले हे तो एका दृष्टिक्षेपात दाखवतो. मुंबईहून लंडनला आफ्रिकेला वळसा घालून जायचे तर सुमारे १०,७०० सागरी मैल पडतात. सुएझमार्गे सुमारे ६,२०० मैल. १८६९ साली कालवा खुला झाला आणि चाळीस टक्क्यांहून अधिक अंतर वाचले. हे मुलांच्या मनावर ठसते, आणि ते ठसायलाच हवे.

परंतु अंतराच्या पुढे हा नकाशा जात नाही. रेघ काढायला शाई लागते. जहाज न्यायला इंधन लागते. जगाच्या व्यापारातील ऐंशी टक्क्यांहून अधिक माल वजनाच्या हिशेबाने समुद्रातून जातो, आणि हरितगृह वायूंच्या एकूण उत्सर्जनात जहाजांचा वाटा सुमारे तीन टक्के आहे. ट्रकशी तुलना केली तर एक टन माल एक किलोमीटर नेण्यासाठी जहाजाला कितीतरी कमी इंधन पुरते, हेही तितकेच खरे. म्हणून जहाजांना सरसकट दोष देणे आम्हाला मान्य नाही. आमचा आक्षेप हिशेब न मांडण्याला आहे.

हा हिशेब नववी-दहावीच्या मुलांना सहज जमण्यासारखा आहे. जहाजाला लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दहा टक्क्यांनी कमी केला तर ताशी इंधन ०.९ × ०.९ × ०.९, म्हणजे ०.७३ पट होते. प्रवासाला वेळ जास्त लागतो हे धरूनही संपूर्ण फेरीत सुमारे एकोणीस टक्के इंधन वाचते. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा अनेक कंपन्यांनी आपली जहाजे पुन्हा आफ्रिकेच्या वळशाने नेली. नकाशावर फक्त रेघ बदलली. प्रत्यक्षात दर फेरीला कित्येक दिवसांचे जादा इंधन जळले.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. समुद्रात पाण्याला काय तोटा, असे नकाशाकडे पाहून वाटते. पनामा कालवा मात्र गोड्या पाण्यावर चालतो. जहाज पायऱ्यापायऱ्यांच्या जलपाशांतून सुमारे २६ मीटर उंचीवरील गाटुन जलाशयात चढवले जाते आणि पलीकडे उतरवले जाते. एका जहाजाच्या पारगमनात सुमारे वीस कोटी लिटर गोडे पाणी समुद्रात जाते. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर हे वीस हजार टँकर झाले! २०१६ साली सुरू झालेल्या नव्या जलपाशांत बरेचसे पाणी पुन्हा वापरण्याची सोय आहे, तरी २०२३ साली पाऊस हटला तेव्हा कालव्याला रोजची जहाजे कमी करावी लागली. एरवी छत्तीसच्या आसपास असणारी ही संख्या डिसेंबर २०२३ मध्ये बावीसवर आली. त्याच जलाशयातून तिथल्या शहरांना पिण्याचे पाणी मिळते. पाणी जहाजाला की माणसाला, हा प्रश्न शिरूर कासारच्या मुलांना वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

तिसरा आक्षेप ठिपक्याबद्दल. बंदर म्हणजे ठिपका नव्हे. न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले, पण त्यासाठी शेवा कोळीवाड्याला आपली जागा सोडावी लागली. आता पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ वाढवण बंदराचे काम हाती घेतले आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये त्यास मंजुरी दिली. अंदाजित खर्च ७६ हजार कोटी रुपयांहून अधिक. त्यासाठी १,४४८ हेक्टर समुद्र भराव घालून जमीन केला जाणार आहे. डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक असल्याचे केंद्र सरकारनेच १९९१ साली जाहीर केले होते, आणि मासेमारीवर जगणाऱ्यांनी या बंदराला वर्षानुवर्षे विरोध केला आहे. नव्या नकाशावर हे सारे एका ठिपक्यात मावेल.

शेवटचा मुद्दा रेघेच्या टोकाचा. नकाशावर ती किनाऱ्यावर संपते. खरी तर ती शेतात सुरू होते. शिरूर कासारचा कापूस जिनिंगमध्ये जातो, सरकी वेगळी होते, रुईच्या गाठी बांधल्या जातात. आपल्याकडील एक गाठ १७० किलोची. एक किलो रुईमागे जागतिक सरासरीने सुमारे नऊ हजार लिटर पाणी लागते. त्या हिशेबाने एका गाठीत पंधरा लाख लिटर पाणी बांधलेले असते. यात शेतावर पडणारे पावसाचे पाणीही धरलेले आहे, आणि कोरडवाहू कापसाला मुख्यतः तेच मिळते, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे. नाहीतर आकडा दिशाभूल करील. ती रुई, तिचे सूत किंवा कापड परदेशी गेले, तर त्याबरोबर हे पाणीही हिशेबाने जाते. याला 'आभासी पाणी' म्हणतात. टोनी ॲलन या ब्रिटिश अभ्यासकाने ही कल्पना १९९० च्या दशकात मांडली.

तेव्हा हा नकाशा भिंतीवरून काढून टाकावा काय? मुळीच नाही. आमची सूचना एवढीच, की तो अपुरा आहे हे सांगून तो वापरावा. पृथ्वीगोलावर दोरा धरून दोन्ही मार्गांची अंतरे मुलांना मोजू द्यावीत. मग एक कोरा कागद घेऊन त्यावर आपल्या गावातील एका वस्तूचा मार्ग काढायला सांगावा: शेत, जिनिंग, ट्रक, बंदर, जहाज. प्रत्येक टप्प्यावर पाणी, इंधन आणि जमीन असे तीन रकाने असावेत. सगळे रकाने भरता येणार नाहीत. जे रिकामे राहतील, त्यांची माहिती कोणाकडे विचारायची, हा पुढच्या तासाचा विषय.